माटोळीच्या ऑर्डरी रिकाम्या का येत होत्या: एका वेबपानाच्या स्क्रिप्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यात गणेशचतुर्थीला चवथ म्हणतात, आणि गणपतीच्या वर माटोळी टांगलेली नसेल तर चवथ झाल्यासारखी वाटत नाही. लाकडी चौकट छताला लटकवायची आणि तिला नारळांचा आणि सुपारीचा घोस, केळ्यांचा घड, चिबूड, आंबाडे, निरफणस, रानातली फळं, औषधी पाला असं सगळं बांधायचं. हे सामान पूर्वी घरची माणसं रानातून आणि परसातून गोळा करत. आता बरीच घरं चवथीआधी भरणाऱ्या माटोळीच्या बाजारातून आणतात.

म्हापशातलं एक कुटुंब हे सामान वर्षानुवर्षं विकतं. दुकान काका बघतात, हिशोब त्यांची मुलगी. आम्ही तिला बायच म्हणतो. त्यांनी ऑर्डर घ्यायला एक साधं वेबपान करून घेतलं होतं आणि देखभाल आमच्याकडे होती. आम्ही म्हणजे फोंड्यात बसून कामं करणारे दोघे, मी आणि माझा तरुण सहकारी.

पानावर २४ वस्तू, प्रत्येकीपुढे अधिकाचं बटण, खाली एकूण रक्कम, मग तालुका, नाव, फोन, पत्ता आणि ‘ऑर्डर पाठवा’. पैसे माल पोचल्यावर रोख. गोव्यात तालुके १२, पण काकांचा टेंपो फक्त पाचांतच जातो: बार्देश, तिसवाडी, पेडणे, डिचोली आणि सत्तरी.

मागे तीन स्क्रिप्ट फाइली, म्हणजे ब्राउझरला कामं सांगणाऱ्या सूचनांच्या फाइली, चालायच्या. पहिली जेक्वेरी, म्हणजे पानावरची कामं सोपी करणारं तयार साधन, ती बाहेरच्या सीडीएनवरून, म्हणजे अशा फाइली सगळ्यांना वाटणाऱ्या सर्व्हरवरून यायची. दुसरी आमची ऑर्डरची फाइल, जेमतेम सहा किलोबाइटची. तिसरी तालुके तपासणारी. जुलैमध्ये कोणीतरी काकांना सांगितलं की पान उघडायला वेळ लागतो. आम्ही वेग मोजणाऱ्या साधनावर पान टाकलं, त्याने सुचवल्याप्रमाणे तिन्ही स्क्रिप्ट टॅगांना (फाइल मागवणाऱ्या पानातल्या खुणांना) ‘असिंक’ लावलं (त्याचा अर्थ पुढे येतो), गुण वाढले, आणि आम्ही काम संपलं असं धरलं. ती ओळ मीच टाकली होती. त्याच दिवशी आणखी एक बदल केला. तालुक्याच्या फाइलमधलं एक चल (किंमत ठेवायचं नाव) फंक्शनच्या (एका कामाच्या सूचनांच्या गटाच्या) आतून काढून बाहेर, फाइलच्या माथ्यावर ठेवलं, म्हणजे ऑर्डरच्या फाइललाही ते वाचता येईल. दोन्ही बदल दोन-दोन मिनिटांचे. पुढचं सगळं या दोन बदलांमुळे घडलं.

काय बिघडलं

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. शनिवारी २४ ऑगस्टला सकाळी बायचा फोन आला. रात्रीत नऊ ऑर्डरी आल्या होत्या, त्यांतल्या चार रिकाम्या. नाव आहे, फोन आहे, पत्ता आहे, वस्तू एकही नाही. काकांनी त्या चौघांना फोन केले. चौघांनीही सांगितलं की बटणं दाबून आकडा हलत नव्हता. त्यांना वाटलं पान असंच असेल, माल नंतर विचारतील, म्हणून त्यांनी पाठवून दिलं.

दुसरी तक्रार त्याच फोनवर, पण घाईत आणि शेवटी. काणकोणहून दोन ऑर्डरी आल्या होत्या. काणकोण गोव्याच्या अगदी दक्षिण टोकाला. टेंपो तिथे जात नाही, आणि पानाने त्यांना ‘इथे पोचवत नाही’ असं सांगायला हवं होतं.

मी माझ्या यंत्रावर पान उघडलं. बटणं चालत होती. सहकाऱ्याच्या फोनवरही चालत होती. रिकाम्या ऑर्डरींचे पत्ते पाहिले तर तीन सत्तरीतले, एक पेडण्यातला, सगळी डोंगराकडची गावं. मी बायला म्हटलं, “तिकडे नेटवर्क नाही, त्यामुळे होत असेल.” तिने ते काकांना सांगितलं.

हे वाक्य बोलून मी दोन दिवस घालवले. नेटवर्क मंद होतं हे खरं, पण मंद नेटवर्कवर पान उशिरा उघडायला हवं, अर्धवट मरायला नको. हा फरक मला त्या सकाळी सुचायला हवा होता.

वळणाची जागा पहिली: चूक वाचायची की अंदाज करायचा

सोमवारी सहकारी गावी गेला होता. त्याची मावशी वाळपईच्या पुढे राहते. पडवीत बसून तिच्या फोनवर त्याने पान उघडलं. यादी दिसली, किमती दिसल्या, बटणं दिसली. नारळापुढचं अधिकाचं बटण त्याने पाच वेळा दाबलं, आकडा शून्यच. मग पान पुन्हा उघडलं, तर नीट चाललं. मावशी म्हणाली, “आता झालं ना? मग सोड.” त्याने सोडलं नाही. त्याच्याकडे लॅपटॉप आणि केबल होती. फोन जोडला, क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून, म्हणजे पान आतून तपासायच्या साधनांतून, फोनवरचं पान तपासायला घेतलं, कॅश (ब्राउझरने जपून ठेवलेल्या आधीच्या फाइली) पुसली आणि पुन्हा उघडलं. कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या पट्टीत, एक लाल ओळ आली: ‘अनकॉट रेफरन्सएरर: डॉलर इज नॉट डिफाइंड’. खाली फाइलचं नाव, ओळ क्रमांक ३.

डॉलर म्हणजे जेक्वेरीचं छोटं नाव, आणि ते ब्राउझरला सापडत नव्हतं. ऑर्डरची फाइल तिसऱ्याच ओळीत जेक्वेरी मागत होती आणि ती अजून आलेलीच नव्हती. जावास्क्रिप्टमध्ये अशी चूक कोणी पकडली नाही तर त्या फाइलचा उरलेला भाग चालतच नाही. म्हणजे बटणं ज्या फंक्शनांना बोलावतात ती तयार करणाऱ्या ओळी कधी चालल्याच नाहीत. पण पानाचा सांगाडा एचटीएमएलचा, म्हणजे पानाच्या मूळ लिखाणाचा असल्यामुळे दिसायला सगळं जागेवर होतं, आणि ‘ऑर्डर पाठवा’ हे बटण फॉर्मचं असल्यामुळे स्क्रिप्टशिवायही फॉर्म पाठवत होतं. आकडे शून्य, नाव-पत्ता भरलेला. चार रिकाम्या ऑर्डरी अशा आल्या होत्या.

आता ‘असिंक’चं. साधा स्क्रिप्ट टॅग वाटेत आला की ब्राउझर पानाचं वाचन थांबवतो, फाइल आणतो, चालवतो आणि मग पुढे वाचतो. ‘असिंक’ लावलं की फाइल बाजूने येत राहते आणि आली की त्या क्षणी चालते. कोण आधी लिहिलंय याला किंमत नाही, जी आधी पोचेल ती आधी चालेल. जेक्वेरीचा आकार दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवली तरी साधारण ३० किलोबाइट, शिवाय ती दुसऱ्या पत्त्यावरून येणार, म्हणजे तो पत्ता शोधणं आणि सुरक्षित जोडणी करणं हा वेगळा वेळ. आमची सहा किलोबाइटची फाइल आमच्याच सर्व्हरवरून, आधीच उघडलेल्या वाटेने येणार. मंद नेटवर्कवर शर्यत कोण जिंकणार हे उघड होतं.

आमच्या यंत्रांवर जेक्वेरी कॅशमध्ये बसलेली होती, म्हणून ती नेहमी आधीच हजर असायची. मावशीच्या फोनवर दुसऱ्या वेळी पान चाललं तेही याचमुळे. ज्या माणसाने पान पहिल्यांदाच उघडलंय त्याच्याच वाट्याला चूक यायची, आणि चवथीआधी येणारं गिऱ्हाईक जवळजवळ सगळं पहिल्यांदाच आलेलं असतं.

इथे एक जुना समज सांगून ठेवतो, कारण तो मीही बाळगून होतो. सीडीएनवरची जेक्वेरी इतक्या साइटी वापरतात की प्रत्येकाच्या फोनमध्ये ती असणारच, असं आपण धरतो. क्रोमने २०२० पासून कॅश साइटनिहाय वेगळी ठेवायला सुरुवात केली, इतर मोठे ब्राउझरही तसंच करतात. दुसऱ्या साइटसाठी आणलेली फाइल आपल्या पानाला वापरायला मिळत नाही.

संध्याकाळी मी माझ्या यंत्रावर डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅश’ला टिक केली, वेग मुद्दाम मंद केला आणि पान दहा वेळा उघडलं. सात वेळा बटणं मेलेली. दोन दिवसांआधी हे करायला दोन मिनिटं लागली असती.

पर्याय

मंगळवारी आम्ही चार वाटा मांडल्या. चवथीला अकरा दिवस उरले होते आणि ऑर्डरी रोज वाढत होत्या.

एक, ‘असिंक’ काढून टॅग साधे करायचे आणि बॉडीच्या (पानाच्या दिसणाऱ्या भागाच्या) अगदी तळाशी क्रमाने ठेवायचे. जुनी, भरवशाची रीत.

दोन, ‘असिंक’च्या जागी ‘डिफर’. यातही फाइल बाजूने येते, पण सगळं एचटीएमएल वाचून झाल्यावरच चालते, आणि लिहिलेल्या क्रमानेच चालते. ‘पान वाचून झालं’ असं सांगणारी डीओएमकंटेंटलोडेड ही घटनाही त्यानंतरच होते. फाइली लवकर मागवल्या जातात आणि शर्यतही नसते.

तीन, आमच्या फाइली मॉड्यूल, म्हणजे आपापली हद्द असलेल्या फाइली, करायच्या. मॉड्यूल आपसूकच ‘डिफर’सारखे चालतात, आणि त्यांतली नावं बाहेर सांडत नाहीत.

चार, जेक्वेरीच काढून टाकायची. पानाला तिची गरज फारशी नव्हती.

सहकाऱ्याला तिसरी वाट हवी होती. त्याचं म्हणणं असं की नावं सांडण्याचा त्रास एकदाच कायमचा मिटेल. तो चूक नव्हता. मी दोन तास दिले. त्याने चाचणीच्या पत्त्यावर टॅग मॉड्यूलचे केले आणि पानावरची चोवीसही बटणं एकदम मेली. कन्सोलमध्ये प्रत्येक दाबाला ‘इज नॉट डिफाइंड’. कारण सरळ होतं. पान करणाऱ्या आधीच्या माणसाने प्रत्येक बटणाच्या टॅगमध्येच ‘ऑनक्लिक’ लिहून फंक्शनचं नाव दिलं होतं. असं लिहिलेलं नाव ब्राउझर जागतिक स्कोपमध्ये शोधतो. स्कोप म्हणजे एखादं नाव जिथवर ओळखलं जातं ती हद्द. मॉड्यूलमधलं फंक्शन मॉड्यूलच्या हद्दीतच राहतं, म्हणून बटणाला ते सापडत नव्हतं. फंक्शन ‘विंडो’ला, म्हणजे ब्राउझरच्या जागतिक वस्तूला, मुद्दाम चिकटवून चालवता आलं असतं, पण मग मॉड्यूल करून मिळवलं काय?

चौथी वाट चवथीनंतरसाठी ठेवली. गर्दीच्या दिवसांत चालू दुकानाचा पाया उकरू नये, यावर दोघांचं एकमत होतं. पहिली आणि दुसरी यांत दुसरी घेतली. आजही तीच घेईन.

काय केलं

जेक्वेरीची फाइल आमच्या सर्व्हरवर आणून ठेवली. तिन्ही टॅगांना ‘डिफर’ लावलं, जेक्वेरी सर्वांत वर. लगेच नवी चूक निघाली. पानाच्या तळाशी एक छोटी स्क्रिप्ट थेट पानातच लिहिलेली होती, पोचवण्याच्या तारखांची यादी भरणारी. ती डॉलर वापरत होती. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर ‘डिफर’चा परिणाम होत नाही. ती वाचनाच्या ओघातच चालते, म्हणजे आता ती जेक्वेरीच्या आधी चालू लागली. तिला उचलून ऑर्डरच्या फाइलमध्ये टाकलं. चाचणीच्या पत्त्यावर कॅश बंद करून, वेग मंद करून वीस वेळा उघडलं. वीसही वेळा बटणं जिवंत.

फाइल चढवताना आणखी अर्धा तास गेला. माझ्या विंडोज यंत्रावर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं होतं, टॅगमध्ये लहान. विंडोजला फरक पडत नाही, सर्व्हर लिनक्सचा, त्याला ती दोन वेगळी नावं. ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. नेटवर्क टॅबमध्ये लाल ओळ पाहिली म्हणून लगेच कळलं. जुन्या फाइली लोकांच्या फोनांत अडकू नयेत म्हणून टॅगमधल्या नावांपुढे आवृत्तीचा आकडाही जोडला.

हे बुधवारी थेट पानावर गेलं आणि रिकाम्या ऑर्डरी थांबल्या.

काणकोणची चूक

रिकाम्या ऑर्डरी थांबल्या तशी काणकोणचीही तक्रार मिटली असेल असं आम्ही गृहीत धरलं. स्क्रिप्ट चालत नव्हती म्हणून तालुकाही तपासला गेला नसेल, असा तर्क. तपासून पाहिला नाही. गुरुवारी सांग्याहून एक ऑर्डर आली, आणि त्या तालुक्यातही टेंपो जात नाही.

त्या काणकोणच्या दोन ऑर्डरींत वस्तू होत्या, हे आम्ही लक्षात घ्यायला हवं होतं. वस्तू होत्या म्हणजे स्क्रिप्ट चालली होती. त्या चार आणि या दोन ऑर्डरी एकाच सकाळी आम्हाला कळल्या एवढंच त्यांच्यात समान होतं.

मी सोर्सेस टॅबमध्ये तालुका तपासण्याच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि यादीतून सांगे निवडलं. पान त्या ओळीवर थांबलं. उजवीकडच्या स्कोप पट्टीत चलाची किंमत दिसत होती: ‘फॉल्स’, म्हणजे खोटं. बरोबर होती. तरी पुढची ओळ ‘पोचवत नाही’ या फांदीत शिरत नव्हती. मी तीनदा पाहिलं. मग दिसलं की त्या ‘फॉल्स’च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं आहेत. ती खरं-खोटं सांगणारी किंमत नव्हती, नुसती पाच अक्षरांची अक्षरमाळ होती. आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाळ अटीत खरीच मानली जाते.

चलाचं नाव होतं ‘स्टेटस’. जुलैत मी ते फंक्शनच्या बाहेर काढलं होतं आणि ‘व्हार’ने (चल करायच्या जुन्या शब्दाने) घोषित केलं होतं. साध्या स्क्रिप्टमध्ये फाइलच्या माथ्यावर ‘व्हार’ने केलेलं नाव ‘विंडो’ या वस्तूचं अंग बनतं. पण ‘विंडो’कडे ‘स्टेटस’ नावाचं अंग आधीपासूनच आहे. एकेकाळी ब्राउझरच्या खालच्या पट्टीत मजकूर दाखवायला ते होतं. त्यात काहीही घातलं तरी त्याची अक्षरमाळ होते. ‘नेम’ या नावाचंही असंच आहे. कन्सोल यावर एक शब्द बोलत नाही, कारण चूक अशी काही घडतच नाही. भाषेच्या नियमाप्रमाणे सगळं ठीक चाललेलं असतं.

फंक्शनच्या आत होतं तोवर ते आमचं स्वतःचं चल होतं. चार ओळी वर सरकवल्यावर ते ब्राउझरचं झालं. माथ्यावर ‘लेट’ने घोषित केलं असतं तरी वाचलो असतो, कारण ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ची नावं ‘विंडो’ला चिकटत नाहीत. २०१५ च्या मानकात ती आली त्याला तेव्हा दशक होत आलं होतं, आणि आम्ही हातसवयीने ‘व्हार’ लिहीत होतो.

दुरुस्ती लहान. चल पुन्हा फंक्शनच्या आत नेलं, नाव बदलून ‘पोचतो का’ या अर्थाचं ठेवलं, आणि ऑर्डरच्या फाइलला हवं होतं ते फंक्शनने परत द्यायचं असं केलं.

वळणाची जागा दुसरी: दुरुस्तीच्या नादात

शुक्रवारी, ३० ऑगस्टला, आम्ही जे करायला नको होतं ते केलं. दोन चुका सापडल्या, हात चालले होते, तेव्हा पानातले ते चोवीस ‘ऑनक्लिक’ही काढून टाकूया असं ठरलं. कोणाची तक्रार नव्हती. फक्त ते डोळ्यांत खुपत होते. सहकाऱ्याने एक लूप लिहिला: यादीतली प्रत्येक वस्तू घ्यायची, एका चलात ठेवायची, तिच्या बटणाला क्लिकचं फंक्शन जोडायचं. रात्री साडेअकराला त्याने एक बटण दाबून पाहिलं, आकडा हलला, आणि त्याने ते थेट पानावर चढवलं. मीच हो म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी सातला बायचा फोन. “भाऊ, रात्रीपासून आलेल्या तीन ऑर्डरींत फक्त चिबूड आहेत. एकात अकरा. माटोळीला अकरा चिबूड कोण बांधतो?”

चिबूड यादीत शेवटचा होता.

लूपमधलं चल ‘व्हार’चं होतं. ‘व्हार’ लूपच्या कंसांना जुमानत नाही, त्याची हद्द अख्खं फंक्शन. म्हणजे चोवीस फेऱ्यांसाठी चोवीस चलं नव्हतीच, एकच होतं, आणि प्रत्येक फेरीत त्यावर नवी वस्तू लिहिली जात होती. जोडलेली चोवीस फंक्शनं त्या एकाच चलाकडे बोट दाखवत होती. ती फंक्शनं चालतात गिऱ्हाइकाने बटण दाबल्यावर, तेव्हा लूप कधीच संपलेला असतो आणि चलात शेवटची वस्तू उरलेली असते. नारळ दाबा, सुपारी दाबा, चिबूडच वाढणार. चूक नाही, लाल ओळ नाही. सहकाऱ्याने रात्री दाबून पाहिलेलं बटण यादीच्या तळाचं होतं, चिबडाचंच, कारण पान उघडल्यावर त्याच्या पडद्यावर तेवढाच भाग दिसत होता.

‘व्हार’चं ‘कॉन्स्ट’ केलं की दुरुस्त. प्रत्येक फेरीला नवं चल मिळतं आणि प्रत्येक फंक्शन आपापलं चल धरून ठेवतं. ते पाच मिनिटांत चढवलं. काकांनी त्या तिघांना स्वतः फोन करून ऑर्डरी पुन्हा लिहून घेतल्या. एका आजींनी त्यांना सांगितलं की मला वाटलं माझ्याच बोटाची चूक. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आमच्या एका शब्दामुळे ती बाई स्वतःला दोष देत बसली होती.

निकाल

३१ ऑगस्टपासून चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत एकही रिकामी ऑर्डर आली नाही, टेंपो न जाणाऱ्या तालुक्यांतून एकही नाही, आणि चिबडाचे आकडे माणसांसारखे झाले. त्या आठवड्यात आम्ही पानाला हात लावला नाही.

चवथीनंतर निवांतपणे पुढचं केलं. जेक्वेरी काढली, आमच्या फाइली मॉड्यूल केल्या. हे करताना एक जाणवलं: मॉड्यूल वापरणारं पान दुहेरी क्लिक करून थेट डिस्कवरून उघडलं तर ब्राउझर मॉड्यूल चालवू देत नाही, यंत्रावर लहानसा सर्व्हर चालवावा लागतो. चोवीस बटणांना चोवीस फंक्शनं जोडण्याऐवजी अख्ख्या यादीला एकच लिसनर (क्लिक ऐकणारं फंक्शन) जोडला. क्लिक कुठल्याही बटणावर होवो, ती यादीपर्यंत वर येते. तिथे कोणतं बटण दाबलं ते पाहायचं आणि टॅगच्या ‘डेटा’ गुणधर्मात लिहिलेला वस्तूचा क्रमांक वाचायचा. लूपच नाही, त्यामुळे लूपमधल्या चलाची भीतीही नाही. काकांनी वस्तू वाढवली तरी स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, लोडिंगच्या पद्धतीला हात लावण्याआधी मी कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे कागदावर लिहीन. ‘असिंक’ वाईट नाही. जी स्क्रिप्ट कोणावरही अवलंबून नाही आणि जिच्यावर कोणी अवलंबून नाही, भेटी मोजणारी वगैरे, तिला ते शोभतं. आम्ही ते एकमेकांवर विसंबलेल्या तीन फाइलींना लावलं आणि एका गुणाकडे पाहून खूश झालो.

दुसरी, तक्रारी वेगळ्या मांडीन. रिकामी ऑर्डर आणि काणकोणची ऑर्डर यांचे दोन कागद केले असते तर दुसऱ्या कागदावर ‘वस्तू भरलेल्या आहेत’ ही ओळ शनिवारीच आली असती.

तिसरी, आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या फोनमधल्या चुका कळायची काहीच सोय नव्हती. आता पानाच्या अगदी माथ्यावर, कोणत्याही फाइलवर न विसंबणारी दहा ओळींची स्क्रिप्ट आहे. ती ‘विंडो’वरची ‘एरर’ घटना ऐकते आणि चूक सांगणारा मजकूर, फाइल, ओळ आमच्या सर्व्हरला पाठवते. फाइल आलीच नाही तर होणारी ‘एरर’ घटना वर चढत नाही, त्यामुळे लिसनर लावताना कॅप्चर, म्हणजे घटना वरून खाली येतानाच ऐकायची सोय, चालू ठेवावं लागतं. हे आम्हाला एक दिवस अडखळल्यावर कळलं. पण ‘स्टेटस’सारखी किंवा चिबडासारखी चूक याही जाळ्यात सापडणार नाही. त्यासाठी माणसाने पहिली, मधली आणि शेवटची वस्तू दाबूनच पाहावी लागते. आम्ही आता तेच करतो, आणि रात्री नऊनंतर काही चढवत नाही.

चौथी माझ्या मते सर्वांत मोठी, आणि ती बायने काढली. चवथीनंतर आम्ही दोघे त्यांच्या दुकानात बसलो होतो, मी तिला स्कोप आणि लोडिंग समजावून सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण रिकामा कागद घेऊन कोणी दुकानात आलं तर बाबा ती ऑर्डर वहीत लिहितील का? मग तुमच्या तिकडच्या मशीनने का लिहिली?”

सर्व्हर काहीही तपासत नव्हता. गिऱ्हाइकाच्या फोनमधली स्क्रिप्ट सगळं पाहून घेईल यावर विसंबून तो येईल ते लिहून घेत होता. स्क्रिप्ट कितीही नीट केली तरी ती कधी ना कधी कोणाच्या तरी फोनवर पोचणार नाही. म्हणून आता ‘ऑर्डर पाठवा’ हे बटण एचटीएमएलमध्येच बंद असतं आणि स्क्रिप्ट पूर्ण चालून झाल्यावर शेवटच्या ओळीत ती ते उघडते. तरीही कोणी रिकामं किंवा हद्दीबाहेरचं पाठवलंच, तर सर्व्हर ते परत करतो. बटण बंद असेल तेव्हा त्याच्या जागी दुकानाचा फोन नंबर दिसतो. तो नंबर कोणत्याही स्क्रिप्टने आणलेला नाही, पानातच लिहिलेला आहे. दुकान उघडं असलं की फोन काका उचलतात.